तबकडीवरचं नाव

लग्न होऊन कर्जतला आले तेव्हा मला लिहिता-वाचता येत होतं, याचं सासरी कौतुक कमी आणि काळजी जास्त होती. माझं माहेर लोधिवलीचं. वडील लवकर गेले, पण त्यांनी हट्टाने मला शेजारच्या चौक गावच्या शाळेत मराठी सातवीपर्यंत शिकवलं. भातशेती करणाऱ्या आमच्यासारख्या घरांत मुलीला एवढं शिकवणं म्हणजे लोकांच्या तोंडाला विषय देणं. पण त्या शिक्षणामुळेच मला मास्तरांचं स्थळ सांगून आलं.

माझे यजमान कर्जतच्या शाळेत शिकवत. माणूस लोण्यासारखा, पण भारी भिडस्त. दुकानदाराने किडका तांदूळ दिला तरी परत न्यायचे नाहीत. "जाऊ दे, त्याला वाईट वाटेल," म्हणायचे. मग सासूबाई पदर खोचून जायच्या आणि साऱ्या बाजाराला ऐकवून तांदूळ बदलून आणायच्या. घरात भांडायचं काम त्यांचं, गप्प बसायचं काम आम्हा दोघांचं.

आमच्या परसातून रेल्वे दिसायची. घाट चढण्याआधी कर्जतला गाडीच्या मागे आणखी इंजिनं लावतात, हे मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं. पुढचं इंजिन सगळ्यांना दिसतं, पण गाडी ढकलतं ते मागचं. पहिल्या वर्षी मला आईची फार आठवण यायची. एकदा सकाळी दळताना त्या इंजिनावरूनच ओव्या सुचल्या. जात्यावरची चाल होती, शब्द माझे.

बोरघाटाच्या चढणीला गाडीला जोर लागं,
पुढं दिसतं इंजिन, ढकलतं एक मागं.
सासरची गं चढण, कुणी नाय आगंमागं,
माय लोधिवलीची माझी, तिचा हात पाठीमागं.

अशी सात-आठ कडवी झाली. आईखेरीज मी ती कुणाला म्हणून दाखवली नव्हती. पण मास्तरांनी दळताना ऐकली आणि माझ्याकडून लिहून घेतली. शाळेच्या संमेलनात त्यांनी ती मुलींकडून बसवून घेतली. आईसाठी एकटीने गुणगुणलेले शब्द दहा-बारा मुली एका सुरात म्हणताहेत, हे मी बायकांच्या गर्दीत मागे उभी राहून ऐकलं. कानशिलं तापली होती. मला ते आवडलं होतं आणि आवडल्याचीच लाज वाटत होती.

ते लढाईचे दिवस होते. मुंबईवर बाँब पडणार म्हणून तिकडची बरीच माणसं कर्जतला खोल्या घेऊन राहिली होती. आमच्या शेजारी असेच एक गृहस्थ उतरले होते. फोनोच्या, म्हणजे ग्रामोफोनच्या, तबकड्या काढणाऱ्या एका कंपनीसाठी नवी गाणी आणि नवे गळे शोधायचं त्यांचं काम. संमेलनाला तेही आले होते. दुसऱ्या दिवशी ते आमच्या ओटीवर येऊन बसले.

"मास्तर, ते इंजिनाचं गाणं कुणाचं?"

मास्तर आत माझ्याकडे पाहू लागले. मी दाराआड उभी होते. "आमच्या घरातलंच आहे," ते म्हणाले.

"वहिनींचं? मग आम्हाला द्या. चांगल्या गळ्यातून काढतो. तबकडीवर कवयित्री म्हणून नाव घालू."

सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "बाईचं नाव तबकडीवर? हाटेलात वाजंल ती. टांगेवाले नाव वाचतील आमच्या सुनेचं. काय नको."

पाहुणे हसले. "आई, गाण्याखाली कुणाचं तरी नाव लागतंच."

"मंग पोराचं घाला. तो मास्तर हाय, त्याला सोभंल."

मास्तर पुन्हा माझ्याकडे पाहू लागले. "तुझं काय म्हणणं?"

माझं म्हणणं काय असणार? टांगेवाल्यांच्या तोंडी माझं नाव, ही कल्पना सासूबाईंना जितकी लाजिरवाणी वाटली तितकीच मलाही वाटली. मी मान हलवली. होकाराची की नकाराची ते मला आज सांगता येणार नाही. सगळ्यांनी तो होकार धरला.

मुंबईच्या पुढच्या खेपेहून पाहुणे स्टँपाचा कागद घेऊन आले. 'सदर गीत मी स्वतः रचले असून त्याचे सर्व हक्क कायमचे कंपनीस देत आहे,' अशा अर्थाचा मजकूर होता. मास्तरांनी तो मनातल्या मनात वाचला. 'मी स्वतः रचले' इथे ते अडले, हे मला दाराआडून कळलं, कारण त्यांनी टाक दौतीत पुन्हा बुडवला आणि तरी लिहिलं नाही. मग पाहुणे म्हणाले, "नेहमीचा मजकूर आहे हो, सगळे सही करतात." झालं. त्यांना वाईट वाटेल म्हणून मास्तरांनी सही केली.

तबकडी आली तेव्हा आमच्याकडे ती वाजवायला काही नव्हतं. बाजारातल्या कापडवाल्याकडे फोनो होता. त्याने दुकानापुढे सतरंजी अंथरली, माणसं जमली. आम्ही बायका पलीकडच्या ओट्यावर उभ्या राहिलो. गळा खरंच गोड होता. पण शेवटच्या ओळीत गाणारीण 'माय लोणावळ्याची माझी' म्हणाली. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. लोकांनी पुन्हा लावायला लावली. पुन्हा लोणावळाच. घाटाखालच्या लोधिवलीचं नाव मुंबईत कुणाला ठाऊक? लोणावळा साऱ्यांना ठाऊक. बोरघाट चढून जायचं ते ज्या माऊलीच्या जोरावर, तिलाच त्यांनी घाटाच्या माथ्यावर नेऊन बसवलं होतं. गाण्याला अर्थच उरला नव्हता.

सतरंजीवर मात्र वाहवा चालली होती. कापडवाल्याने तबकडीवरचं मास्तरांचं नाव मोठ्याने वाचून दाखवलं. मास्तर खाली मान घालून बसले होते. लोक म्हणाले, "बघा, किती साधा माणूस!"

तेव्हापासून गावात त्यांना 'कवी मास्तर' म्हणायला लागले. वाचनालयाने त्यांचा सत्कार करून शाल दिली. ती त्यांनी घरी आणून माझ्यापुढे ठेवली आणि हातपाय धुवायला गेले. मी ती उचलली नाही. दोन दिवस ती तशीच पडून होती. शेवटी थंडी पडली तेव्हा सासूबाईंनी पांघरली, आणि माझ्या पोराची शाल म्हणून आळीभर मिरवली. त्यांच्यावर राग धरणं मला जमलं नाही. त्यांच्या दृष्टीने त्यांनी सुनेची अब्रू राखली होती, वर पोराला मान मिळाला होता.

मास्तरांशी मात्र माझं बोलणं कमी झालं. भांडण नव्हतं. ते घरात आले की मी कामाला लागायचे आणि मी समोर आले की ते वह्या तपासायला घ्यायचे, एवढंच. कुणी पाहुण्याने "मास्तर, नवीन काय लिहिलंत?" विचारलं की आम्ही दोघंही एकाच वेळी जमिनीकडे पाहायचो.

पुढच्या उन्हाळ्यात लोधिवलीला चुलत बहिणीचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात बायका गाणी म्हणत होत्या. गाणं तोवर घरोघर गेलं होतं. एकीने तेच धरलं आणि सगळ्या म्हणू लागल्या. 'माय लोणावळ्याची माझी.' आई माझ्या शेजारी बसून हळद कालवत होती. तिला मी पहिल्याच दिवाळीला हे गाणं म्हणून दाखवलं होतं. ती चटकन म्हणाली, "असं नाय गं. माय लोधिवलीची हाय ती."

बायका थांबल्या. एक जण हसून म्हणाली, "काकी, तबकडीत लोणावळाच हाय. तू आपलं गाव घुसवतेस व्हय?"

"अगं, माझ्या लेकीनंच लिवलंय ते. माझ्यावर लिवलंय."

आता सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. वराकडची एक बाई कर्जतची होती. ती म्हणाली, "हिनं कशाला लिवलंय? हिच्या घरवाल्यानं लिवलंय. नाव हाय त्याच्यावर. आमच्या समोर सत्कार झाला मास्तरांचा."

आईने माझ्या दंडाला हात लावला. "सांग की गं."

मी म्हणाले, "मीच लिहिलंय." माझा आवाज मलाच खोटा वाटला.

एक म्हातारी हळूच म्हणाली, "नवऱ्याचं नाव झालं ते काय तुझं नाव नव्हं? त्याच्यावर कशाला आपला हक्क सांगतेस गं?" आणि मग कुणीतरी हसलं आणि ते हसू मांडवभर झालं. वाईट मनाने कुणी हसत नव्हतं. लग्नघरात हसायला निमित्त लागतं, ते आम्ही दिलं. पण ते हसू माझ्यापाशी थांबलं नाही, आईवर गेलं. "काकीला तबकडीत जायचं होतं!" असं कोणी म्हणालं आणि त्यावर पुन्हा हसू उसळलं. आई हळद कालवत राहिली. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते आणि डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता. मी माझ्या पदराने पुसले असते, पण तेही सगळ्यांनी पाहिलं असतं. म्हणून मी बसून राहिले.

कर्जतला परतल्यावर मी मास्तरांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मी तुझ्या आईंची माफी मागायला जाऊ का?"

"आणि काय सांगाल?"

त्यांनी तपासायच्या वह्या पुढे ओढल्या. विषय तिथेच राहिला असता. पण काही महिन्यांनी बाजाराच्या दिवशी विड्यांच्या जाहिरातीची गाडी आली. ढोलकी, पेटी आणि लुगडं नेसून नाचणारा एक पुरुष. त्या काळी गावोगाव अशा गाड्या फिरायच्या. मी भाजी घेत होते. चाल कानावर आली आणि हातातली मेथी तशीच राहिली. नाच्या कंबर हलवून म्हणत होता, 'पुढं दिसतं इंजिन, विडीचा जोर मागं.' माझ्या आईच्या जागी त्यांनी विडीचं नाव घातलं होतं. शाळेची पोरं गाडीभोवती नाचत होती आणि "गुरुजींचं गाणं! गुरुजींचं गाणं!" ओरडत होती.

शाळा सुटून मास्तरही तिथेच पोचले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कुणाशी तरी वाद घालायला पुढे झालेलं पाहिलं. "हे बंद करा," ते पेटीवाल्याला म्हणाले. "हे गाणं असं म्हणायचं नाही."

पेटीवाला सभ्यपणेच बोलला. "तुम्ही कोण?"

मास्तरांनी 'मी कवी' म्हणावं तर खोटं, 'मी कोणी नाही' म्हणावं तर तिथे उभं राहायला कारण नाही. पोरांपैकी कुणीतरी म्हणालं, "त्यांनीच लिहिलंय."

"मग तर तुम्हाला ठाऊक असंल. आमच्या मालकांनी तबकडीवाल्यांना विचारलंय. त्यांची परवानगी हाय. आता तुमचा काय संबंध, मास्तर?"

मास्तर गर्दीतून बाहेर पडले. मी भाजीवालीआड तोंड लपवलं. घरी दोघं वेगवेगळ्या वाटांनी पोचलो.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "वकिलांकडे जाऊ. तू पण चल." सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, "देवळात." ते खोटंही त्यांना नीट बोलता आलं नाही.

वकील कर्जतच्या कोर्टात काम करत, वयस्कर होते. मास्तरांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, 'मी स्वतः रचले' हे शब्दही वगळले नाहीत. ऐकून वकील माझ्याकडे वळले. परका पुरुष माझ्या गाण्याविषयी थेट मला विचारतो आहे, असं प्रथमच घडत होतं.

"बाई, शब्द तुमचे?"

"हो."

"मग हक्कही तुमचा. ज्याने रचलं त्याचा पहिला हक्क, कायद्यात तसंच आहे. नवऱ्याला बायकोचं गाणं विकता येत नाही, जसं तिचं स्त्रीधन विकता येत नाही. यांनी दिलं ते यांचं नव्हतंच."

एवढे दिवस ते गाणं माझंच होतं आणि मला ठाऊक नव्हतं.

मास्तरांचा चेहरा उजळला. "मग कंपनीला कळवू या."

"कळवा. पण ते मान्य करणार नाहीत. मग कोर्टात यावं लागेल. तिथे बाईंना शपथेवर सांगावं लागेल की माझ्या नवऱ्याने स्टँपावर खोटं लिहून दिलं." वकिलांनी चष्मा काढला. "मास्तर, तुमची नोकरी शाळेतली आहे. याचा विचार करा. आणि बाई, ते तुम्हाला विचारतील, सही झाली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"दाराआड," मी म्हणाले.

"ऐकत होता?"

"हो."

"मग काही बोलला का नाहीत?"

ते उलटतपासणीचा नमुना म्हणून विचारत होते, मला टोचून नव्हे. पण 'लाज वाटली' हे कोर्टात चालत नसावं. परत येताना मास्तर म्हणाले, "तू म्हणशील तर मी शपथेवर सांगेन. नोकरी जाईल तर जाईल." ते मनापासून म्हणत होते. म्हणूनच मी नको म्हणाले. या खेपेला मान स्पष्ट हलवली आणि तोंडानेही म्हणाले.

तरी त्यांनी कंपनीला पत्र धाडलं. हे गाणं माझं नाही, माझ्या पत्नीचं आहे, नाव दुरुस्त करावं आणि 'लोधिवली' हा शब्द परत घालावा. उत्तर आलं नाही, ते तबकडीवाले गृहस्थच आले. लढाई संपली होती, ते मुंबईला राहायला गेले होते. बिचारे संकोचले होते. म्हणाले, "मास्तर, साहेब लोक म्हणतात, हा माणूस तेव्हा खोटं बोलला की आता बोलतो आहे? मी मध्ये पडून मिटवलंय. पुढच्या तबकड्यांवर कुणाचंच नाव राहणार नाही. 'पारंपरिक' असं घालतील. चाल जात्यावरचीच आहे, त्यामुळे कुणाची हरकत येणार नाही."

मी दाराआडून बाहेर आले. सासूबाईंदेखत आले. "चाल जात्यावरची आहे. शब्द माझे आहेत."

"वहिनी, मला ठाऊक आहे. मीच तर प्रथम तुमचं नाव घालू म्हणालो होतो."

"निदान गावाचं नाव तरी घाला."

"ते आता होत नाही. आवाज कोरला गेलाय. गाणारीण पुन्हा यायची नाही."

त्यांनी चहा घेतला. मास्तर त्यांना स्टेशनपर्यंत पोचवायला गेले. सासूबाई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "पोराचं नाव पन काढलं का गं?" मी हो म्हणाले. त्यांच्या मनात मला दोष देण्याचं होतं की नव्हतं, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

त्या वर्षीच्या संमेलनात कुणीतरी पुन्हा मास्तरांना कवी म्हणून पुढे बोलावलं. ते उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ते गाणं मी लिहिलेलं नाही. माझ्या बायकोने लिहिलं आहे." टाळ्या पडल्या. अध्यक्ष उठून म्हणाले, "आपलं श्रेय पत्नीला देणारा असा विनम्र कवी आपल्या गावाला लाभला हे आपलं भाग्य." पुन्हा टाळ्या. मास्तर हात हलवून नाही-नाही म्हणत होते आणि ते जितकं नाही म्हणत, तितकं लोकांना त्यांचं कौतुक वाटत होतं. मला त्यांची कीव आली. त्याच वेळी इतका राग आला की मी उठून घरी गेले. एवढी हिंमत केलेल्या माणसावर रागावताना मला माझीच शरम वाटत होती, तरी राग जात नव्हता.

तो राग पुढे हळूहळू ओसरला. आम्ही संसार केला, मुलं झाली. मी नंतरही ओव्या रचल्या. मास्तर म्हणायचे, "कुठे तरी पाठव, तुझ्या नावाने पाठव." मी दोनदा नाव घालून पाकीट केलं आणि दोन्ही वेळा चुलीत टाकलं. कुणी अडवलं नव्हतं. सासूबाईही तोवर राहिल्या नव्हत्या. पत्त्याखाली माझं नाव दिसलं की टपालवाला काय म्हणेल, असं मनात यायचं.

आता तबकड्यांवर बायकांची नावं सर्रास असतात. कवयित्री म्हणून कुणाचं नाव वाचलं की मला आधी आनंद व्हायला हवा. तो होतो, पण नंतर. आधी मनात येतं, हिच्या घरची माणसं काय म्हणाली असतील? आणि हे मनात आलं की मी इकडेतिकडे बघते, कुणी माझा चेहरा पाहिला तर नाही ना.